नाकासाठी दूर्वा

बंगलोरची हवा छान आहे, असं मला ज्यानं पहिल्यांदा सांगितलं तो माणूस आज भेटला तर मी त्याच्या तोंडावर शिंकेन. एकदा नाही. त्याला मध्ये ‘हवा’ एवढाही शब्द उच्चारता येणार नाही, इतका सलग शिंकेन.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी पुण्याहून तिथं गेलो, तो नाकाच्या जोरावर. ही बढाई नाही, माझी नोकरीच तशी होती. अगरबत्तीचा कारखाना. काड्या वळणाऱ्या बायका वेगळ्या, वाळवणारे वेगळे, पुडे भरणारे वेगळे. आणि ज्या सुगंधी तेलांच्या मिश्रणात त्या काड्या बुडवायच्या, ते मिश्रण बरं की वाईट हे ठरवणारा एक माणूस वेगळा. तो मी. मिश्रणात कागदाची पट्टी बुडवायची, झटकायची, नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, “चालेल.” किंवा म्हणायचं, “नाही चालणार.” एवढ्यासाठी मला एक खुर्ची होती, हात असलेली, आणि कारखान्यात हात असलेली खुर्ची मालकाखेरीज फक्त मला होती. मालक रोज सकाळी दारातूनच विचारायचा, “एन्री, मूगु हेगिदे?” म्हणजे, काय हो, नाक कसं आहे? बाकीच्यांना तो बायकामुलं कशी आहेत असं विचारायचा.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात टाळूला खाज सुटली. मग डोळ्यांना. मग शिंका सुरू झाल्या, त्याही एकेक नाही, झुंडीनं. आणि श्रावण निम्मा होतो न होतो तोच एका सकाळी मी गुलाबाची पट्टी नाकाखाली धरली तर समोर काहीच नाही. गुलाब नाही, वाईट गुलाब नाही, कागदसुद्धा नाही. भिंत.

मी पट्टी झटकली, चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, “चालेल.”

सर्दी म्हणजे बिनपैशांचं व्याख्यानमंडळ असतं हे मला त्या महिन्यात कळलं. दही सोडा, असं एकानं सांगितलं. दही खा, उष्णता आहे, असं दुसऱ्यानं सांगितलं. निलगिरीचं तेल, तुळशीचा काढा, नाकातून मिठाचं पाणी, उशीखाली कांदा. आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी सगळे मान हलवून तेच म्हणायचे, “बंगलोरला येणाऱ्याला हे होतंच. इथली हवाच तशी.” अरे, मग छान आहे म्हणून पत्रं कशाला लिहिता? मी मिठाचं पाणीही नाकात ओतून पाहिलं. त्यातलं निम्मं कानात गेलं आणि दोन दिवस मला मालकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

खुर्ची जाईल, ही भीती मात्र खरी होती. नाक नसलेल्या माणसाला नाकाचा पगार कोण देणार? घरभाडं त्याच पगारातून जात होतं, आणि पुण्यात परत जाऊन ‘नाक चोंदलं म्हणून आलो’ असं सासऱ्यांना सांगण्याची माझी छाती नव्हती. तेव्हा मी एक युक्ती काढली. माझ्या सगळ्या युक्त्या सुरुवातीला अशाच झकास दिसतात.

संध्याकाळी मी त्या दिवशीच्या पट्ट्या छोट्या बाटल्यांत घालून, डब्याच्या पिशवीत लपवून घरी आणायचो. निकाल दुसऱ्या दिवशी सांगतो, असं कारखान्यात म्हणायचो. मुरल्यावर खरा वास कळतो, असं भारदस्त कारण द्यायचो. घरी बायको कणीक मळून झाली की हात धुऊन, साबणाचा वास जावा म्हणून नुसत्या पाण्यानं पुन्हा धुऊन, ओट्याशी बसायची आणि पट्ट्या हुंगायची.

“हा कसा आहे?”

“लग्नातल्या शालूसारखा. पण डांबराच्या गोळ्यांसकट.”

“आणि हा?”

“अहो, हा मोगरा आहे, पण शिळा. दुसऱ्या दिवशी केसांतून काढतो ना, तसा.”

मी हे दुसऱ्या दिवशी मालकाला माझ्या भाषेत सांगायचो. “चंदनाचा तळ उत्तम आहे, पण वरची कापराची धार कमी करा.” मालक मान डोलवायचा. एकदा तर म्हणाला की दुसऱ्या वर्षी तुमचं नाक जास्त तीक्ष्ण झालंय. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. “मग माझं नाव सांगा ना,” म्हणाली.

ते काही मी सांगितलं नाही.

त्याऐवजी मी नवस बोललो. गणपतीला. माझा हिशोब सरळ होता: तेहतीस कोटींत ज्याला सर्वांत मोठं नाक आहे, त्याला माझं दुःख नाही कळणार तर कुणाला? गणेश चतुर्थीच्या दिवशी मी हात जोडून म्हटलं, नाक उघड, दिवाळीपर्यंत रोज ताज्या दूर्वांची जुडी वाहीन. बाजारातल्या नाही, स्वतः खुडलेल्या.

आम्ही मल्लेश्वरममध्ये भाड्यानं राहत होतो. घराच्या मागे एक मोकळा प्लॉट होता, मालकीचा वाद चाललेला, त्यामुळे बारा महिने बेवारस. तिथं दूर्वा भरपूर. फक्त त्या जमिनीलगत असायच्या आणि त्यांच्यावर कमरेएवढं गाजर गवत माजलेलं असायचं, पांढऱ्या बारक्या फुलांनी भरलेलं. मी रोज सकाळी अंघोळ करून, सोवळ्यात, त्या गवतात शिरायचो, ते दोन्ही हातांनी बाजूला सारायचो आणि वाकून, नाक जमिनीजवळ नेऊन, तीन पानांची कोवळी दूर्वा शोधायचो. एकवीस मिळेपर्यंत. शिंकत. डोळे पुसत. दूर्वा वाहताना शिंक येऊ नये म्हणून श्वास धरून. आणि जेवढं नाक जास्त बंद, तेवढी माझी श्रद्धा जास्त. आठवड्याभरानं मी जुड्या दोन केल्या.

आता वाचणाऱ्याला सगळं दिसतंय. मलाही आता दिसतंय. तेव्हा मला दिसत होतं ते बुचाचं झाड.

बुचाचं झाड घरमालकीणबाईंच्या अंगणात, बरोबर आमच्या खिडकीसमोर होतं. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी मराठी बोलत तिथं आले आणि अजून मराठीच बोलत होते; फक्त वाटेत त्यात निम्मं कन्नड मिसळलं होतं. गणपती गेले आणि त्या झाडाला बहर आला. लांब देठांची पांढरी फुलं, सकाळी अंगणात सडा. बायको ती वेचून, देठ एकमेकांत गुंफून, सुईदोऱ्याशिवाय वेणी करायची. सबंध गल्ली त्या वासानं भरून जायची, असं सगळे म्हणत. मला त्यातलं काही येत नव्हतं आणि म्हणूनच मला त्या झाडाचा विलक्षण राग आला. मी ठरवून टाकलं: परागकण. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, फुलांच्या परागानं शिंका येतात. मग समोर एवढं फुलांनी लगडलेलं झाड असताना आणखी शोध कशाला घ्यायचा?

मी अक्कांच्या मागे लागलो.

“अय्यो, झाड कापून नाक उघडतं काय?” अक्का म्हणाल्या. “मग गावातली सगळी झाडं कापा की! सुम्मने, उगाच मला कशाला छळता?”

“अक्का, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“नोकरी नाकानं करतात, हेच मी पहिल्यांदा ऐकते.”

मी रोज त्यांच्या दारात उभा राहून शिंकायला लागलो. खोटं नव्हतं ते, पण जागा मी निवडलेली होती. शेवटी त्या कंटाळल्या. “सरी, बरं. स्वल्प कापा. खिडकीवरची फांदी तेवढी. स्वल्प!” आणि लेकीकडे निघून गेल्या.

झाडावर चढायला आणलेल्या माणसानं खिडकीवरची फांदी कापली. मी खालून पाहिलं तर तिच्या शेजारच्या फांदीवरही फुलं. म्हटलं, तीही घे. मग तिच्या वरची. फांदी खाली पडली की फुलं उडायची आणि मी शिंकायचो, आणि शिंकलो की मला वाटायचं, बघा, पुरावा! दुपारपर्यंत अंगणात एक खांब उभा होता. उंच, सरळ, टेलिफोन खात्याला उपयोगी पडेल असा.

अक्का परत आल्या, फाटकातच थांबल्या. मी काहीतरी बोलणार होतो, पण शिंकलो.

“हे स्वल्प?” त्या म्हणाल्या.

त्या घरात गेल्या आणि त्यानंतर भाड्याच्या दिवसापलीकडे माझ्याशी बोलल्या नाहीत.

बायको जास्त बोलली. बरंच बोलली. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच: “आजपासून तुमच्या पट्ट्या तुम्हीच हुंगा. एवढं जिवंत झाड तुम्हाला बघवलं नाही, तर मेलेले वास कशाला हवेत?”

मी म्हटलं, “अगं, चार दिवस थांब, नाक उघडेल.”

चार दिवस गेले. आणखी चार गेले. दूर्वांच्या दोन जुड्या चालूच होत्या आणि शिंकाही. कारखान्यात मी आता अंदाजपंचे निकाल द्यायला लागलो: एक चालेल, एक नाही चालणार, आलटून पालटून. त्यात मी केवड्याचं एक मिश्रण पास केलं आणि त्याच्या काड्या दुकानांतून परत आल्या. जाळल्यावर रॉकेलचा स्टोव्ह विझवल्यासारखा वास येतो, असं गिऱ्हाईक म्हणत होतं. मालकानं त्या दिवशी नाकाची चौकशी केली नाही. बायकामुलं कशी आहेत असं विचारलं.

तेव्हा कुठे मी डॉक्टरांकडे गेलो. मल्लेश्वरममध्येच, घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना असलेले एक वयस्क डॉक्टर, ॲलर्जीचेच. मी आत शिरलो तो तक्रार करतच: झाड कापून झालं तरी फरक नाही, बंगलोरची हवा भिकार आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

“फुलं कधी आली झाडाला?”

“गणपती गेल्यावर.”

“आणि शिंका?”

“श्रावणात.”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मी खोलीतल्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर श्रावण अर्थातच आधी होता.

त्यांनी माझ्या हातावर निरनिराळ्या परागांच्या थेंबांची रांग घातली आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टोचलं. थोड्या वेळानं बाकीच्या जागा होत्या तशाच राहिल्या आणि एक फुगून गांधीलमाशी चावल्यासारखी झाली.

“हे गाजर गवत,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही सकाळी कुठं जाता?”

“दूर्वा काढायला.”

“कुठून?”

मी सांगितलं. सोवळं, वाकणं, दोन जुड्या, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शांतपणे समजावलं. मोठी, वासाची फुलं मधमाश्यांना नाहीतर पतंगांना बोलावतात. त्यांचा पराग जड, चिकट, किड्यांच्या अंगाला लागून जाणारा, तो सहसा तुमच्या नाकापर्यंत येतच नाही. जी फुलं फूल म्हणून कुणी बघत नाही, गवताची, तणाची, त्यांचाच पराग वाऱ्यावर जातो आणि त्रास देतो. पावसाळ्यात ते तण उगवतं, फुलतं, थंडी पडेपर्यंत चालतं. म्हणून तुमचा आजारही तेवढाच.

“पण डॉक्टर,” मी भडकलो, “गाजर गवत आमच्या पुण्यातही आहे! त्यात चेंडू शोधत मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा काही नाही झालं!”

“शरीर आधी ओळख करून घेतं. भांडण नंतर. कुणाचं भांडण दुसऱ्या वर्षी, कुणाचं वीस वर्षांनी. आणि तुम्ही तर रोज त्याच्यात नाक घालून उभे राहता.”

मला आलेला राग शब्दांत मांडणं कठीण आहे. झाडाचा राग सोपा होता. हा राग कुणावर काढायचा? स्वतःवर काढायची मला सवय नव्हती. गणपतीवर काढायची भीती वाटली. डॉक्टर पुढं काहीतरी सांगत होते, औषधाचं, काय करा आणि काय करू नका याचं, पण मी पैसे ठेवून उठलो. ते ‘करू नका’ ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मी तडक त्या प्लॉटवर गेलो आणि गाजर गवत उपटायला लागलो. नुसत्या हातांनी. शर्टाच्या बाह्या वर करून. एकेक झुडूप मुळासकट उपटायचं, आपटायचं, त्याला शिवी द्यायची, पुढचं धरायचं. मातृभाषेत मी इतक्या शिव्या दिल्याच नव्हत्या त्या गावात आल्यापासून. फार मोकळं वाटत होतं. पांढरी फुलं झडून केसांत, मानेवर, घामाला चिकटत होती. बायको मागच्या दारातून म्हणाली, “अहो, काय चालवलंय?” मी म्हटलं, “सूड!”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक डोळा उघडलाच नाही. दुसरा उघडला तो अर्धा. कोपरापर्यंत लाल चट्टे, ओठ सुजलेले, आणि नाक म्हणजे चेहऱ्यावर ठेवलेली एक निरुपयोगी वस्तू. बायकोनं थंड पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवली. “आज जाऊ नका,” एवढं म्हणाली. पण त्या दिवशी दिवाळीच्या मालाचा वास ठरायचा होता. न जाणं म्हणजे खुर्चीवर पाणी सोडणं.

मी गेलो. मालकानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्या आणि समोर बसला. असं तो कधीच बसत नसे.

पहिली मी उचलली. “चंदन,” म्हणालो. दिवाळीला चंदन असतंच.

दुसरी. “मोगरा. थोडा... शिळा वाटतो.” हे मी बायकोच्या जुन्या साठ्यातून काढलं. मालकानं तिसरी पुढे सरकवली.

तिसरी मी बराच वेळ धरली. तो बघत होता म्हणून मला चेव आला. अर्धा डोळा मिटला, मान मागे टेकली आणि बोलत सुटलो. तळाला ऊद आहे, मधे केशराची छटा, आणि अगदी शेवटी, अगदी शेवटी काहीतरी हिरवं, पावसानंतरच्या पानासारखं. हे फार सुंदर आहे, हेच दिवाळीला काढा.

मालकानं ती पट्टी माझ्या हातातून घेतली. “ही कोरी आहे,” तो म्हणाला. “आत्ता गठ्ठ्यातून काढली.”

मग मी सगळं सांगितलं. श्रावण, बायको, पट्ट्या, डबा. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि थोडं बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, “म्हणजे इतके दिवस नाक तुमच्या मिसेसचं आणि खुर्ची तुमची.” आणि दुपारी खुर्चीवर माझ्या हाताखालचा माणूस बसलेला होता. मला बांबूच्या काड्यांच्या खरेदीवर टाकलं. काड्यांना वास नसतो.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं. मग म्हणाली, “निदान नोकरी आहे.” मला त्याचाही राग आला. तिनं माझं नाव घेऊन ‘बरं झालं’ म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मी डॉक्टरांकडे परत गेलो, खाली मान घालून, आणि या वेळी शेवटपर्यंत बसलो. त्यांनी नाकात मारायचं औषध दिलं, शिंकांवरची, झोप आणणारी गोळी दिली, आणि पुढच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधीच यायला सांगितलं. नवसाचं विचारलं तर म्हणाले, दूर्वा बाजारातून आणा, देवाला चालतं.

थंडी पडली. प्लॉटमधलं गवत वाळून तपकिरी झालं. आणि मार्गशीर्षात एका सकाळी काड्यांच्या मोळ्या मोजत असताना मला बांबूचा वास आला. ओला, गोडसर. तुम्ही म्हणाल, आनंद झाला असेल. मी लाथ मारून मोळी पाडली. आता येतोस? आता, सगळं घालवून झाल्यावर?

मी तसाच बोळातून चाललो होतो तर मिश्रणाच्या खोलीतून केवड्याचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा, तेलकट, घशात चिकटणारा. खुर्चीवरचा नवा माणूस पट्टी धरून मान हलवत होता. चालेल, म्हणत होता. मालक शेजारी उभा होता.

मी न विचारता आत शिरलो. “नाही चालणार,” म्हटलं. “पातळ करायचं तेल जास्त पडलंय. जाळलं की स्टोव्ह.”

मालकानं माझ्याकडे वळून पाहिलं. “आता येतो वास?”

“येतो.”

“पुढच्या भाद्रपदात?”

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. पण या वेळी राग आधी आला. “नाही येणार! औषधानं थोडा येईल, नाहीतर नाही येणार. मला काय माहीत? ते गवताला विचारा!”

“खुर्चीला बारा महिने नाक लागतं.”

“खुर्ची घाला चुलीत. ती पट्टी हुंगा.”

मालकानं पट्टी घेतली. हुंगली. दूर धरली, परत हुंगली. मग नव्या माणसाला म्हणाला, “हे मिश्रण पुन्हा करा.” माझ्याकडे बघून एक शब्द नाही. आभार नाहीत, बसा नाही, काही नाही.

मी बाहेर आलो आणि सगळा जोर लावून दार आपटलं. त्याला वरून स्प्रिंग होती. ते आपटलं नाही. माझ्या पाठीमागे हळूच, अगदी अदबीनं मिटलं.